ब्राइन श्रिम्पला वाढू देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत घरगुती मत्स्यालयावरचा लेख आवडीने वाचला. त्यातल्या एका सल्ल्यावर मात्र गप्प बसवेना. माशांच्या पिल्लांसाठी ब्राइन श्रिम्पची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या इवल्या जीवांची, अंडी फोडून निघालेले जीव 'दोन दिवस मोठे होऊ द्यावेत, म्हणजे घास मोठा मिळतो', असं त्यात म्हटलं आहे. मी हेच केलं होतं आणि फायटर माशाची जवळपास सगळी वीण गमावून बसले.

मी शिवणकाम करते. सुईत दोरा ओवायला घेतलेल्या भिंगातून तेव्हा बाटलीतलं पाणी पाहिलं. पहिल्या दिवशी जे ठिपके गर्द नारिंगी होते, ते तिसऱ्या दिवशी फिके, काचेसारखे झाले होते. तो नारिंगी रंग म्हणजे पोटातला बलक. अंड्यातून निघालेला आर्टेमिया (ब्राइन श्रिम्पचंच शास्त्रीय नाव) सुरुवातीचे काही तास काहीच खात नाही, बलकावरच जगतो. साधारण अर्ध्या दिवसात कात टाकतो आणि मग त्याला भूक लागते. नुसत्या मिठाच्या पाण्यात खायला काय मिळणार? तो स्वतःचीच चरबी जाळतो. वर अंगाने वाढतो आणि चपळही होतो. म्हणजे माझ्या पिल्लांना मी तोंडात न मावणारा, हाती न लागणारा आणि आतून रिकामा घास वाढत होते.

आता अंडी फोडायला बाटली लावते ती अशी. लिटरभर पाण्याला 25 ते 30 ग्रॅम मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा, 26 ते 28 अंश तापमान, वर दिवा, आणि एअर पंपाची नळी थेट तळापर्यंत. नळीच्या टोकाला बुडबुडे बारीक करणारा सच्छिद्र दगड (एअर स्टोन) लावत नाही, कारण बारीक बुडबुड्यांनी अंडी काठाला चिकटून कोरडी पडतात. 24 तासांच्या आसपास पाणी नारिंगी दिसू लागतं. अंडी अंगुस्तान्यात मावतील त्याहूनही कमी घ्यावीत, कारण एका ग्रॅममध्ये ती दोन लाखांहून जास्त असतात! एकदम मोठी बाटली लावण्यापेक्षा दोन लहान बाटल्या बारा तासांच्या अंतराने लावल्या की सकाळ-संध्याकाळ ताजा माल मिळतो.

लेखात टरफलांबद्दल तर एक शब्दही नाही. ही टरफलं पचत नाहीत आणि चिमुकल्या पिल्लाच्या आतड्यात अडकून बसतात. हवा बंद करून बाटलीच्या खालच्या बाजूला टॉर्च धरावा. हे जीव उजेडाकडे धावतात, रिकामी टरफलं वर तरंगतात आणि न फुटलेली अंडी अगदी तळाला बसतात. दहा मिनिटांनी तळाच्या जरा वरून नळीने नारिंगी ढग तेवढा ओढून घ्यायचा. मी तो घट्ट विणीच्या रुमालातून गाळून गोड्या पाण्यात खळखळून घेते, म्हणजे टाकीत मीठ जात नाही. टाकीतही बेतानेच टाकावं. गोड्या पाण्यात हे काही तासच तगतात, मग मरून पाणी नासवतात.

मोठे करायचेच असतील तर तो वेगळा उद्योग. दोन-तीन आठवडे रोज स्पिरुलिना या नीलहरित शेवाळाची पूड किंवा यीस्ट पाण्यात कालवून थेंब थेंब द्यावं लागतं, तेही पाणी दुधाळ राहणार नाही इतपतच. मग सेंटीमीटरभर लांबीचे, पोट वर करून उताणे पोहणारे प्राणी मिळतात. माझ्या खिडकीत अशी एक बरणी आहे, आणि मशीनवरून उठून मी तिच्यापुढे किती वेळ घालवते ते घरच्यांना विचारा. पण हे खाद्य मोठ्या माशांचं. नुकत्या पोहायला लागलेल्या पिल्लांपुढे ते ठेवू नये.

पुढच्या रविवारी त्याच पानावर दोन ओळींची दुरुस्ती छापावी, ही विनंती. लेख वाचून काहींनी बाटल्या लावल्याही असतील.

आपली,
एक नियमित वाचक