सत्कार नंतर, आधी स्वच्छतागृह

महोदय,
साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ मध्ये रेल्वेत सहायक चालक म्हणून लागल्या आणि मार्च २०२३ मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली. तरीही माझ्या पुतणीने आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड मागितला, तेव्हा घरातलेच म्हणाले, ‘शिवणकाम घे, घरी बसून करता येईल.’ पोरगी हटली नाही. परवा विहिरीवरची मोटर बंद पडली. तिने स्टार्टर उघडून जळालेली कॉइल शोधून काढली. हात काळेकुट्ट, पण चेहरा काय फुलला होता! मात्र वर्कशॉपजवळ मुलींसाठी स्वच्छतागृह नाही, म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नाही. महिला दिनाचे सत्कार राहू द्या, नवी तुकडी बसण्यापूर्वी ते तेवढे बांधा.

– एक वाचक, कराड