ओंडके ‘किरकोळ’ नव्हते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतल्या केंद्र-राज्य संबंधांवरील लेखात कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांताचे एकोणिसाव्या शतकातले प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) ऑलिव्हर मोवॅट यांना चक्क एक परिच्छेद मिळाला. आभार. पण नदीतून लाकडे सोडण्याच्या किरकोळ भांडणावरून त्यांनी आपल्या गुरूला, म्हणजे कॅनडाचे पंतप्रधान मॅकडोनाल्ड यांना, कोर्टात खेचले हे लेखकमहाशयांना कुठे सापडले? मोवॅट किंग्स्टनला मॅकडोनाल्ड यांच्या कचेरीत वकिली शिकले, एवढेच खरे. खटला मॅक्लारेन आणि कॉल्डवेल या दोन लाकूड व्यापाऱ्यांचा होता.

आणि किरकोळ कसा? तिकडे ओंडके वाहून न्यायचे ते वसंतात बर्फ वितळून पाणी चढते तेवढ्या थोड्या आठवड्यांत. खडकाळ उतारावर ते अडकतात, म्हणून बांध घालून पाणी साठवायचे आणि लाकडी पन्हळीतून माल खाली सोडायचा. मॅक्लारेनने ऑन्टॅरिओतल्या मिसिसिपी नदीवर (अमेरिकेतली ती वेगळी) अशी बांधकामे केली आणि वरच्या अंगाच्या कॉल्डवेलची वाट अडवली. पाणी उतरले की माल पुढच्या वसंतापर्यंत तिथेच पडून! मोवॅट यांनी १८८१ मध्ये कायदा केला: सरकारने ठरवलेला वाजवी टोल भरा आणि वाट वापरा. मॅक्लारेन मॅकडोनाल्ड यांच्या पक्षाचा. ओटावाने, म्हणजे कॅनडाच्या केंद्र सरकारने, कायदा रद्द केला. मोवॅट यांनी १८८२ मध्ये तोच पुन्हा मंजूर केला, रद्द. १८८३ मध्ये पुन्हा, पुन्हा रद्द. १८८४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने (साम्राज्याचे तेव्हाचे सर्वोच्च अपील न्यायालय) जुन्या प्रांतिक कायद्याच्या आधारे कॉल्डवेलच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर मोवॅट यांनी चौथ्यांदा मंजूर केलेल्या कायद्याला ओटावाने हात लावला नाही.

लेखकांनी या रद्द करण्याची तुलना आपल्या राज्यपालांनी विधेयक राष्ट्रपतींसाठी राखून ठेवण्याशी केली आहे. साफ चूक. राखून ठेवलेले विधेयक कायदा झालेलेच नसते. कॅनडात ती सोय वेगळी होतीच. इथे मात्र संमती मिळून अमलात आलेला प्रांतिक कायदा ओटावाला प्रत पोहोचल्यापासून वर्षभरात केंद्र मोडू शकत असे (कॅनडाची घटना असलेल्या १८६७ च्या कायद्याचे कलम ९०). आपल्या घटनेत असा अधिकार राष्ट्रपतींनाही नाही. तुलना करायचीच होती, तर खरा धागा जवळच होता. टोरांटोच्या हॉज नावाच्या मद्यालयवाल्याने शनिवारी संध्याकाळी सातनंतर बिलियर्ड खेळू दिले म्हणून प्रांताच्या मद्य-परवाना नियमांखाली २० डॉलर दंड झाला. त्या खटल्यात १८८३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने प्रांतिक विधिमंडळ आपल्या कक्षेत पूर्ण अधिकाराचे आहे, कोणाचा मुनीम नव्हे, असे ठरवले. आधार कशाचा घेतला? आपल्याच गारो टेकड्यांबाबतच्या १८७८ च्या बुराह खटल्याचा! मराठी वाचकाला हे सांगायचे सोडून गुरु-शिष्यांची भाऊबंदकी रंगवायची, याला काय म्हणावे?

मोवॅट यांची आरती ओवाळा असेही माझे म्हणणे नाही. १८८८ च्या सेंट कॅथरिन्स मिलिंग खटल्यात जंगलाचे उत्पन्न ऑन्टॅरिओने ओटावाकडून जिंकले, पण ज्यांची ती जमीन, ते तिथले मूळनिवासी ओजिब्वे लोक खटल्यात पक्षकारही नव्हते. यावर लेखात अक्षर नाही. लेफ्टनंट गव्हर्नर (प्रांताचा राज्यपाल) हा ओटावाचा हस्तक नव्हे, असे जन्मभर भांडणारे हे गृहस्थ सुमारे २४ वर्षे प्रीमियर राहून अखेर १८९७ मध्ये स्वतःच ऑन्टॅरिओचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले आणि १९०३ मध्ये त्याच पदावर वारले, हेही नाही. त्यापेक्षा रंगतदार काय हवे होते?

जाता जाता: एकाच लेखात ‘मोवॅट’, ‘मोवाट’ आणि ‘मॉवेट’. तिघे निवडणूक लढवत होते काय? मुद्रितशोधकांची जागा भरली नसेल, तर तसे छापून टाका.

आपला,
एक नियमित वाचक (अजून तरी)