कडेपर्यंत जाऊ दे

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या फोटोंच्या अल्बमची तू पाठवलेली पानं मी फोनवर मोठी करून एकेक कोपरा पाहिला. फोटोंची निवड फार चांगली आहे. समुद्राच्या पानावरचं तुझं अक्षरही मोकळं आलंय. तरी तू म्हणतेस तसं पान सुटं सुटं दिसतं हे खरं आहे, आणि त्याचं कारण मला पानाच्या कडांवर सापडलं. तुझ्या एकाही पानावर काहीच कडेला पोचत नाही. फोटो, कागदाची फुलं, मथळा, मजकूर हे सगळं मध्यावर जमलंय आणि चारी बाजूंना कोरा कागद उरलाय. त्यामुळे प्रत्येक वस्तू आपापली वेगळी राहते, पान म्हणून एकत्र येत नाही.

एक करून बघ. कुठल्याही एका पानावर, फोटोंच्या खाली, निळ्या कागदाचा दोनेक इंच रुंद पट्टा ठेव. डाव्या कडेपासून थेट उजव्या कडेपर्यंत, मध्ये कुठे न थांबता. अजून चिकटवू नकोस, नुसता ठेव आणि थोडं लांबून पाहा. फोटो तेच असतील, पण आता ते पट्ट्याला टेकून उभे वाटतील. डोळा पट्ट्याबरोबर आडवा सरकतो आणि वाटेत एकेका फोटोवर थांबतो. मघाशी त्याला या फोटोवरून त्या फुलावर नुसत्या उड्या माराव्या लागत होत्या.

कडेचा दुसरा गुण मला त्याहून मोलाचा वाटतो. पानाच्या कडेने कापलेली गोष्ट आपण मनात पुढे नेतो. लाट कडेपाशी तुटली की समुद्र तिथे संपला असं कोणालाच वाटत नाही, तो पानाबाहेर पसरलेला वाटतो. त्याच लाटेला चारी बाजूंनी समास दिला की ती समुद्राचा एक तुकडा होऊन बसते. जपानी चित्रकार हिरोशिगे याने ही जाण फार धीटपणे वापरली. १८५७ मधलं त्याचं, आजच्या टोकियोतल्या कामेइदोच्या प्लमबागेचं चित्र शोधून बघ. अगदी पुढ्यात झाडाचं जाडजूड खोड आहे, त्याच्या फांद्या चित्राच्या कडांनी सरळ छाटल्या आहेत आणि त्यांच्या फटींतून लांबवर उभी असलेली छोटी छोटी माणसं दिसतात. झाड पूर्ण कुठेच दिसत नाही, तरी आपण त्याच्याखाली उभे आहोत असं वाटतं. पुढे १८८७ मध्ये व्हॅन गॉगने त्याच चित्रावरून स्वतःचं तैलचित्र केलं. आपण करतो ते वहीचं पान असलं, तरी कड तिथे हेच काम करते.

आता मापांकडे येते, कारण कडेपर्यंत जायचं तर मापाला पर्याय नाही. तुझं पान १२ बाय १२ इंचांचं आहे. ४ बाय ६ इंचांचे तीन उभे फोटो शेजारी शेजारी लावले की बरोबर १२ इंच होतात, आडवे दोन लावले तरी १२च. म्हणजे काहीही न कापता फोटोंचाच एक सलग पट्टा तयार होतो, आणि तीन उभ्या फोटोंचा असेल तर तो अर्धं पान भरतो. तुझे प्रिंट १० बाय १५ सेंटीमीटरचे असतील तर मात्र जपून. तीन मिळून ३० सेंटीमीटर होतात आणि पान साधारण साडेतीस सेंटीमीटरचं असतं. उरलेला अर्धा सेंटीमीटर एका बाजूला सोडलास तर माप चुकल्यासारखं दिसेल. त्यावर सोपा उपाय आहे. फोटोंच्या पाठीशी गडद रंगाच्या कार्डस्टॉकचा, म्हणजे जाड कागदाचा, पूर्ण रुंदीचा पट्टा घे, तो फोटोंच्या वर आणि खाली थोडा दिसू दे, आणि फोटोंमध्ये अगदी बारीक, सारखी फट ठेव. मग ती फट मुद्दाम ठेवलेली दिसते आणि कडेला पोचायचं काम पट्टा करतो.

यातून निघणारा एक नियम मी कधीच मोडत नाही. कडेला टेकायचं तर पूर्ण टेकायचं. टेकायचं नसेल तर किमान एक-दीड सेंटीमीटर अंतर सोडायचं. दोन-तीन मिलिमीटरची फट म्हणजे धड इकडे नाही, धड तिकडे नाही. बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. तुझ्या वाढदिवसाच्या पानावर उजवीकडचा ठिपक्यांचा कागद असाच अडकलाय. तो एक तर पूर्ण बाहेर ने, नाही तर चांगला आत घे.

पट्टा कुठे ठेवायचा? बरोबर मध्यावर नको, पानाचे दोन सारखे तुकडे पडतात आणि मग कुठला भाग महत्त्वाचा ते कळत नाही. वरून चार इंचांवर किंवा खालून चार इंचांवर, म्हणजे एक तृतीयांशाच्या आसपास ठेव. आडव्या पट्ट्याने पान निवांत होतं, उभ्याने उंची मिळते. डोंगर, जिना, उंच झाडं असलेल्या फोटोंना उभा पट्टा शोभतो. तिरका पट्टा मात्र वेग आणतो. तो तुझ्या सायकलच्या पानाला दे, आजीच्या पानाला अजिबात नको.

समुद्राच्या पानाचं मला वेगळंच सुचतंय. तिथे कागदाचा पट्टा नकोच. त्या चार फोटोंपैकी संध्याकाळचा, ज्यात माणसं अगदी लहान दिसतात, तो १२ बाय ८ इंच मोठा करून घे. पानाच्या वरच्या दोन तृतीयांश भागात तो तीन कडांना भिडेल आणि खाली चार इंचांची जागा मजकुराला व दोन छोट्या फोटोंना राहील. एवढ्या मोठ्या प्रिंटसाठी ३६०० बाय २४०० पिक्सेल असले की इंचाला ३०० पिक्सेल पडतात, म्हणजे चित्र स्वच्छ येतं. त्यामुळे मूळ फाइल वापर. मेसेजमधून आलेली प्रत बहुतेक वेळा लहान केलेली असते. फोनचे फोटो बहुधा ४:३ प्रमाणात असतात, म्हणजे १२ इंच रुंदीला उंची ९ इंच येते. तुला ८ हवी, तेव्हा एक इंच कापावा लागणार. तो वरच्या आकाशाचा कापायचा की खालच्या वाळूचा, हे छापणाऱ्यावर सोडू नकोस. मी असते तर आकाश कापलं असतं, कारण ओल्या वाळूतलं ते प्रतिबिंब जायला नको.

बिनकडेचा, म्हणजे भोवती पांढरी किनार नसलेला प्रिंट काढताना यंत्र चित्र किंचित मोठं करतं आणि बाहेर आलेला भाग छाटतं. छपाईच्या कामात म्हणूनच चारी बाजूंना साधारण तीन मिलिमीटर जास्तीचं चित्र धरतात. तूही तसंच धर. कडेपासून पहिला अर्धा सेंटीमीटर जाणार असं समजून तिथे काही महत्त्वाचं येऊ देऊ नकोस.

महत्त्वाचं म्हणजे अर्थात माणसं. कडेपर्यंत आकाश जाऊ दे, भिंत जाऊ दे, गवत, रस्ता, गर्दी, पाण्यावरची चमक जाऊ दे. चेहऱ्याला मात्र भोवती जागा हवीच. हात किंवा पाय कापावाच लागला तर मनगटावर, घोट्यावर, गुडघ्यावर कापू नकोस; सांध्यावर कापलेलं शरीर बघवत नाही. दंडाच्या किंवा मांडीच्या मध्यावर कापलेलं चालतं. आणि माणूस बघतोय कुठे ते पाहा. कडेजवळचं माणूस पानाच्या बाहेर बघत असेल तर बघणाऱ्याची नजरही त्याच्यामागून बाहेर निघून जाते. त्याला पानाच्या आत बघायला लाव, म्हणजे तो फोटो दुसऱ्या बाजूला घे. फोटो उलटा छापून दिशा बदलू नकोस. ओळखीचा चेहरा उलटला की काहीतरी परकं वाटतं, शिवाय मागच्या पाटीवरची अक्षरंही उलटी होतात.

आजीच्या पानावर मूळ जुना फोटो वापरणार असशील तर त्याला सुरी लागता कामा नये. त्याची प्रत काढ, ती हवी तशी काप. मूळ फोटो कागदी कोपऱ्यांत बसव, गोंद न लावता. त्या पानावर कडेपर्यंत जायचा मान मी फक्त एका बारीक पट्टीला देईन, तीही अगदी खाली, फिकट रंगाची. आजीचा चेहरा मध्ये, भोवती भरपूर मोकळा कागद. असं पान भरलं की बिघडतं.

हाताच्या कामाचं सांगते. पट्टा पानाच्या मापाचा कापून कडेला जुळवत बसू नकोस, एक बाजू जुळली की दुसरी हटकून केसभर सरकते. पट्टा दोन्हीकडून अर्धा अर्धा इंच लांब ठेव, चिकटव, मग पान कटिंग मॅटवर पालथं घाल. आता पानाची कडच तुला दिसते आणि तीच तुझी रेघ. तिला स्टीलची फूटपट्टी लाव, सुरीला नवं पातं घाल आणि हलक्या हाताने दोन-तीनदा ओढ. एका दमात जोर लावलास तर कागद चिमटतो आणि त्याचे तंतू बाहेर येतात. सुलट केल्यावर पट्टा आणि पान एकाच रेषेत संपलेले दिसतील. बोटाने कड चाचपून बघ, पायरी लागता कामा नये.

चिकटवताना दुहेरी चिकटपट्टी कडेपर्यंत यायलाच हवी. कडेला जरा जरी सैल राहिलं तरी पान प्लास्टिकच्या कव्हरमध्ये सरकवताना नेमका तोच कोपरा अडकतो, दुमडतो, आणि मग काही केल्या सरळ होत नाही. लांब पट्ट्यांना पातळ गोंद नको. ओला कागद फुगतो, वाळताना आकसतो, आणि त्याच्याबरोबर पानही वळतं. रिबन लावशील तर ती कडेवरून मागे दोनेक सेंटीमीटर वळव आणि मागून पक्की कर. समोर कापून सोडलेल्या रिबनीचे दोरे सुटतात. बटणं, मणी, जाड फुलं कडेवर नकोत. कव्हर तिथे ताणतं आणि समोरच्या पानालाही खळगा पडतो.

कव्हर आणि कागद कसले आहेत तेवढं एकदा तपास. पीव्हीसी प्लास्टिकची कव्हरं फोटोंना हळूहळू खराब करतात, पॉलिप्रोपिलीन प्लास्टिकची चालतात. कागद आणि चिकटपट्टी आम्लमुक्त घे. वर्तमानपत्राचं मूळ कात्रण लावू नकोस. त्या कागदात लाकडातून आलेलं लिग्निन नावाचं द्रव्य असतं, त्यामुळे तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि शेजारच्या कागदालाही डाग देतो. कात्रणाची प्रत काढून ती लाव.

समोरासमोरच्या दोन पानांवर एकच पट्टा न्यायचा असेल तर दोन्ही पानं टेबलावर अगदी भिडवून ठेव, पट्टा सलग चिकटव आणि मग मध्ये सुरी फिरव. वेगवेगळे चिकटवलेस तर एक-दोन मिलिमीटरने तरी पायरी पडतेच. अल्बममध्ये ती पानं लागली की मध्ये शिवणीची फट येणार, ती धरूनच नक्षी निवड. एकरंगी किंवा ठळक रेघांचा कागद ती फट सहज ओलांडतो. बारीक फुलांची नक्षी तिथे तुटते. मथळ्याची अक्षरं किंवा कोणाचा चेहरा त्या फटीत कधीच येऊ देऊ नकोस.

एका पानावर कडेपर्यंत जाणारी एकच ठळक गोष्ट ठेव. मोठा फोटो कडांना भिडलाय, त्यावर आडवा पट्टाही आहे आणि वर चारी बाजूंना सजावटीची किनार, असं झालं की सगळी एकमेकांवर कुरघोडी करतात. चारी बाजूंची किनार तर मला मुळातच आवडत नाही. ती पानाला आत कोंडते, आणि आपल्याला नेमकं उलट हवंय. तुझ्या हस्ताक्षरातला मजकूर मात्र कडेपासून दीड सेंटीमीटर तरी आत राहू दे, शिवणीच्या बाजूला त्याहून जास्त. मजकूर वाचण्यासाठी असतो. त्याच्या शेवटच्या अक्षरासाठी कोणाला पान वाकवावं लागू नये.

आधीची पानं उकलून पुन्हा करू नकोस. ती जशी आहेत तशीच मला आवडतात, आणि चिकटवलेले फोटो सोडवताना फाटतात. समुद्राचं पान तू अजून चिकटवलेलं नाहीस असं म्हणालीस, तेव्हा सुरुवात तिथूनच कर. मोठा प्रिंट हातात आला की सगळं नुसतं मांड आणि चिकटवायच्या आधी वरून सरळ फोटो काढून मला पाठव. खालच्या चार इंचांत कुठले दोन फोटो घ्यायचे ते आपण फोनवर ठरवू. माझं मत त्या शिंपल्याच्या फोटोला आहे, पण बाबांना तुझा चिखलाने भरलेल्या पायांचा हवाय.

तुझी,
आई