'रूम टेंपरेचर' नक्की कुणाच्या खोलीचं?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला केकच्या सजावटीवरचा लेख वाचला. फोटो झकास आहेत, पण आयसिंगच्या कृतीत पहिलीच सूचना आहे 'रूम टेंपरेचरला आलेलं बटर घ्या', आणि मी तिथेच अडकले. मी जळगावची. नऊ वर्षं घरातून केक करून देते. आमच्याकडे मे महिन्यात पारा 43-44ला टेकतो. ओट्यावर ठेवलेलं बटर भाजी चिरून होईपर्यंत वरणावर सोडण्याच्या लायकीचं होतं.

केकच्या पुस्तकांतलं रूम टेंपरेचर म्हणजे 20-21 अंश. ती खोली परदेशातली. बटर 32-35 अंशांना वितळतं, आणि त्याच्या बरंच आधी ढिलं पडतं. त्यामुळे एक भाग बटरला दोन भाग आयसिंग शुगर हे लेखातलं प्रमाण बरोबर असूनही उन्हाळ्यात त्याची फुलं पाकळ्या धरत नाहीत. मी बटरक्रीम, म्हणजे हेच बटर-साखरेचं आयसिंग, दिवाळीनंतर सुरू करते आणि होळीला बंद करते. शिवाय कोणतं बटर, हे लेखात कुठेच नाही. घरोघरी असतं ते पिवळं, खारं. त्याचं आयसिंग ब्रेडलाच लावायचं! बिनमिठाचं पांढरं बटर मागून घ्यावं लागतं. 'घरचं लोणी चालेल का?' असं शेजारच्या काकूंनी लेख वाचून लगेच विचारलं. नाही चालत. लोण्यात ताकाचा अंश राहतो, क्रीम फाटतं आणि आंबूस वासही येतो.

'फ्रेश क्रीम किंवा व्हिप क्रीम, काहीही घ्या' हे वाक्य मात्र जाचलं. किराणा दुकानातल्या छोट्या खोक्यातल्या फ्रेश क्रीममध्ये बहुधा 25 टक्के फॅट असतं. ते तासभर फेटलं तरी पातळच राहणार. फुलायला निदान 30, खरं तर 35 टक्के फॅट लागतं. केकवाले वापरतात ती व्हिप क्रीम बहुतेक वेळा दुधाची नसतेच. वनस्पती तेल, पाणी, साखर असा तो मामला. तिच्याच केकवर सर्रास 'फ्रेश क्रीम केक' अशी पाटी लागते, याचा मला राग येतो. मी गिऱ्हाइकाला सरळ सांगते, ही तेलाची आहे, पण उन्हात हीच त्यातल्या त्यात तग धरते. जानेवारी 2022पासून खाद्यतेलांत आणि तेल-तूप वापरलेल्या पदार्थांत ट्रान्स फॅटला 2 टक्क्यांची मर्यादा आहे, तेवढा दिलासा. दुधाचीच हवी असेल तर जास्त पैसे मोजायचे आणि कापायच्या अगदी आधी केक फ्रीजमधून काढायचा.

व्हिप क्रीम फ्रीजरमधून काढून रात्रभर खाली फ्रीजमध्ये ठेवायची. बाहेर ओट्यावर वितळवली की संपलं. फेटताना भांड्याखाली बर्फाची परात हवी. फेटणी उचलल्यावर टोक उभं राहून किंचित मान टाकतं, तिथे मशीन बंद. त्यापुढे अर्धं मिनिट गेलं तरी क्रीम रवाळ होते आणि केकच्या कडेला भोकं दिसतात. मग दोन चमचे न फेटलेली क्रीम घालून हाताने हलवायची, बहुतेक वेळा सावरते. मळ्यातून येणारी बाई जशी केळीच्या घडाला नुसता हात लावून तो तयार झाला का ते सांगते, तसं हे हळूहळू हाताला कळायला लागतं.

आता फाँडंट, म्हणजे केकवर घालायचं साखरेचं कणकेसारखं मऊ आवरण. लेखात 'केकवर पातळ पोळी लाटून पसरा' एवढंच. कशावर पसरा? मी चार वर्षांपूर्वी पसरलं होतं व्हिप क्रीमवर. पहिला वाढदिवस होता, बाळाच्या आईने मोबाइलमध्ये परदेशातल्या केकचा फोटो दाखवला, निळा हत्ती, 'ताई, तस्साच पाहिजे.' मीही हो म्हटलं. फाँडंट म्हणजे साखर, ती क्रीममधला ओलावा ओढते. त्यात रात्रभर फ्रीज, आणि सकाळी बाहेर काढल्यावर त्यावर घाम. भुसावळ इथून पंचवीसेक किलोमीटर. यांनी गाडी सावकाश चालवली, मी मागच्या सीटवर खोका मांडीवर धरून. पोचेपर्यंत हत्ती गुडघ्यात बसला होता, सोंड खोक्याला चिकटली होती आणि निळा रंग माझ्या ओढणीला. पैसे मी मागितले नाहीत, त्यांनीही दिले नाहीत.

तेव्हापासून फाँडंटखाली गनाश, म्हणजे गरम क्रीममध्ये वितळवलेल्या चॉकलेटचा लेप. डार्क चॉकलेट असेल तर दोन भागांना एक भाग क्रीम, व्हाइट असेल तर तीनाला एक, कारण ते मुळात मऊ. लेप रात्रभर घट्ट होऊ द्यायचा. आणि फाँडंटच्या डब्यावर हिरवा ठिपका बघायचा, काहींत जिलेटिन असतं, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात. जळगावात जैन गिऱ्हाईक पुष्कळ, ते आधी हेच विचारतात. अंड्याच्या पांढऱ्याचं रॉयल आयसिंगही त्यामुळे माझ्याकडे फारसं होत नाही. तसंही ते बिस्किटांवर शोभतं, क्रीमवर विरघळून जातं.

काळ्या-लाल आयसिंगबद्दल एकच. पांढऱ्या क्रीममध्ये रंग ओतत बसू नका, पोरांच्या जिभा दोन दिवस तशाच राहतात. काळ्यासाठी कोको घातलेल्या तपकिरी क्रीमपासून सुरुवात करा, चिमूटभर रंगात भागतं. रंग जेलचा घ्या, पाण्याच्या रंगाने क्रीम सैल पडते.

माझी विनंती छोटीच आहे. पुढच्या वेळी 'रूम टेंपरेचर' छापाल तेव्हा शेजारी अंश छापा, आणि कोणतं आयसिंग कोणत्या महिन्यात, तेही. केकचा फोटो बहुतेक एसी खोलीतला असतो, तो खायचा मात्र मांडवात असतो. हे पत्र स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. सकाळचे साडेदहा वाजलेत, ओट्यावरचं थर्मामीटर 36 दाखवतंय, आणि संध्याकाळी सहाला एक बटरक्रीमचा केक हवा म्हणून आताच फोन येऊन गेला.

आपली,
एक घरगुती केकवाली, जळगाव