ताई, तुम्ही ‘क्विट’ थांबवलंत म्हणून

प्रिय ताई,

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, मुंबईची बॅग भरायची सोडून तुम्ही आमच्या मच्छीमार सोसायटीत येऊन बसलात. तेव्हा घाईत नीट बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र.

डिझेल परताव्याच्या यादीत एका बोटीचे लिटर कायम भलतेच यायचे. ही यादी काढणारा प्रोग्राम लिहून देणाऱ्यांना फोन केला की ठरलेलं उत्तर, “तुमची माणसं आकडे चुकीचे भरतात.” पैसे मोजून घेतले, पण कोड उघडून बघायची तसदी कुणी घेतली नाही. इकडे उन्हातान्हात राबणारा बोटवाला बिचारा खोटारडा ठरत होता. त्याचा संताप अजून जात नाही.

मी जीडीबीत, म्हणजे प्रोग्राम मध्येच थांबवून आत काय चाललंय ते दाखवणाऱ्या साधनात, प्रत्येक बोटीपाशी थांबत पुढे सरकत होतो. तुम्ही ब्रेकपॉइंटला, म्हणजे थांबायच्या खुणेला, बोटीच्या नंबरची अट घालायला लावलीत आणि तिथे पोचल्यावर लिटरच्या आकड्यावर ‘वॉच’, म्हणजे पहारा. प्रोग्राम पुढे चालू केला आणि आकडा बदलताक्षणी जीडीबी आपणहून थांबला. जुनी किंमत, खाली नवी. थांबला होता स्ट्रकॉपीच्या, म्हणजे मजकूर जागा न मोजता उतरवणाऱ्या फंक्शनच्या आत. बॅकट्रेस, म्हणजे कुणी कुणाला बोलावलं त्याची यादी काढून ‘अप’ने एकेक पायरी वर आलो, तर बोटीच्या नावाची ओळ! नावाला जागा 50 बाइट. ‘श्री रामेश्वर प्रसाद’ देवनागरीत लिहिलं की युटीएफ-8 मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीत, काना, मात्रा, हलन्त धरून प्रत्येक चिन्हाला 3 बाइट आणि मधल्या दोन मोकळ्या जागांना एकेक, म्हणजे एकूण 56. उरलेलं नाव शेजारच्या लिटरवर चढत होतं. बोटवाल्याचा काडीचाही दोष नव्हता.

पण माझ्या मनात राहिलंय ते वेगळंच. जीडीबी बंद करायला मी ‘क्विट’ टाइप केलं होतं, एंटर मारणार एवढ्यात तुम्ही दारातून, एक चप्पल पायात अडकवलेली, तशाच मागे फिरलात. “थांब, हे सगळं पुसलं जाईल.” जीडीबी मुळात आपल्या कमांड जपून ठेवत नाही. तुम्ही ‘सेट हिस्टरी सेव्ह ऑन’ टाकायला लावलंत, तीच ओळ जीडीबी सुरू होताना वाचतो त्या जीडीबीइनिट फाइलीत घालून घेतलीत, आणि मगच निघालात.

दुसऱ्या दिवशी कंट्रोल-आर दाबून जुन्या कमांडमध्ये ‘वॉच’ शोधलं, तर तुम्ही सांगितलेली ओळ जशीच्या तशी समोर. नंबर बदलून बाकीच्या लांब नावांच्या बोटी मी एकट्याने तपासल्या. शिकवणारे पुष्कळ भेटतात. आपण गेल्यावर समोरच्याचं अडू नये एवढी काळजी घेणारं माणूस विरळा.

शिमग्याला येणार असाल तर आधी कळवा. प्रोग्राम कोसळताना मागे राहते ती कोअर फाइल वाचायला शिकायचंय, प्रश्न लिहून ठेवलेत. आई सोलं बाजूला काढून ठेवणार आहे.

तुमचा,
सोसायटीतला कॉम्प्युटरवाला