मक्याच्या पिशवीवर दाण्याचा प्रकारही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खरीप जवळ आला की मका बियाण्याच्या जाहिराती सुरू होतात. एकरी किती क्विंटल, कणीस टोकापर्यंत कसे भरते, हे सगळे त्यात असते. दाण्यातला स्टार्च पचायला कसा आहे, याबद्दल मात्र अवाक्षर नसते. मुरघास, म्हणजे खड्ड्यात हवाबंद मुरवलेला हिरवा चारा, करणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

शेणात अख्खे दाणे दिसले की गोठेवाला कुट्टी यंत्राला शिव्या देतो. दाणा फुटला नाही तर पचणार नाही, हे खरेच. पण बरेच काही बियाण्यातच ठरून गेलेले असते. फ्लिंट मक्याचा दाणा काचेसारखा टणक असतो. त्यात स्टार्चचे कण झेइन या प्रथिनात गच्च रुतलेले असल्याने गाईच्या पोटातल्या जिवाणूंना तिथवर पोचायला वेळ लागतो. डेंट मक्यात पिठूळ भाग जास्त, तो लवकर पचतो.

टणक दाणा पैदासकारांनी उगाच निवडला नाही. तो साठवणीत टिकतो, किडीला सहज दाद देत नाही. १९६४ साली ‘ओपेक-२’ जनुकामुळे मक्याची प्रथिने सुधारतात असे दिसले, पण दाणा मऊ झाला, कीड वाढली आणि शेतकऱ्यांनी तो नाकारला. पुढे मेक्सिकोतील ‘सिमिट’ या मका-गहू संशोधन संस्थेत सुरिंदर वसल आणि एव्हांजेलिना व्हिलेगास यांनी त्याच मक्याला पुन्हा टणक दाणा दिला. या कामासाठी त्यांना २००० चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

स्टार्चची घडणही बदलता येते. स्टार्चचे दोन घटक असतात, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. साध्या मक्याच्या स्टार्चमध्ये अमायलोज सुमारे २५ टक्के, बाकीचे अमायलोपेक्टिन. एका जनुकातील बदलाने वॅक्सी मक्यात अमायलोज जवळजवळ उरतच नाही. दुसऱ्या एका बदलाने ते ५० टक्क्यांच्या वर जाते आणि त्यातला बराच स्टार्च माणसाच्या लहान आतड्यात न पचताच पुढे सरकतो.

एवढे ज्ञान हाताशी असताना पिशवीवर ‘दाणा टणक’ किंवा ‘दाणा पिठूळ’ एवढे दोन शब्द छापायला कंपन्यांना काय जड जाते? पिठूळ दाणा सरसकट चांगला, असे माझे म्हणणे नाही. खुराकात तो जास्त झाला तर पोटात आम्ल वाढून गाय चारा सोडते. म्हणून तर आधी कळायला हवे. तोवर टणक मक्याचा मुरघास दोन-तीन महिने मुरू द्यावा आणि मगच खड्डा उघडावा. मुरताना झेइनची पकड सैल होत जाते.

आपला,
एक दूध उत्पादक वाचक, संगमनेर