आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र: "वास येतोय म्हणजे कोरोना नाही" हा समज आता तरी पुसा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सादर नमस्कार.

साहेब, मी पुण्यात धायरीला एका मेडिकल स्टोअरमध्ये फार्मासिस्ट आहे. पावसाळा लागला की काउंटरवर सगळ्यांची तक्रार एकच असते, घसा धरलाय, नाक गळतंय, अंग मोडून आलंय, जरा कणकण आहे, आणि मी टेस्ट करून घ्या म्हटलं की उत्तरही ठरलेलं, "छे हो, वास येतोय की व्यवस्थित, कोरोना कसला." मग तोच माणूस पॅरासिटामॉलची स्ट्रिप घेऊन घरी जातो आणि घरात ऐंशीच्या पुढचे आजी-आजोबा असतात.

यात चूक त्या माणसाची नाही. त्याला २०२० मध्ये आपणच सांगितलं होतं की ताप, कोरडा खोकला आणि वास-चव जाणं म्हणजे कोरोना. ९ मार्च २०२० ला पुण्यात राज्यातले पहिले पेशंट सापडले तेव्हा ते बरोबरच होतं. पण व्हायरस बदलला आणि भिंतीवरचं पोस्टर बदललंच नाही, आमच्या भागातल्या एका दवाखान्यात अजून तेच जुनं पोस्टर आहे, कोपरे फाटलेत तरी तेच.

कोरोनाचा डेल्टा व्हेरियंट, म्हणजे बदललेला प्रकार, आठवतो ना साहेब, एप्रिल-मे २०२१, ऑक्सिजन सिलेंडरसाठी लोक रात्रभर फोन करत होते. डेल्टा फुप्फुसात उतरायचा, पाच-सहा दिवसांनी अचानक धाप लागायची. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने ओमिक्रॉन या नव्या व्हेरियंटची माहिती दिली आणि हाँगकाँग विद्यापीठाच्या प्रयोगात दिसलं की हा श्वासनलिकेत डेल्टापेक्षा खूप वेगाने वाढतो पण फुप्फुसाच्या पेशींत त्या मानाने कमी. म्हणून त्रास वरच्या वर, घसा, नाक, शिंका. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०२२ मध्ये लस घेतलेल्या लोकांची तुलना केली, त्यात डेल्टाच्या वेळी साधारण ५३ टक्के लोकांचा वास गेला होता, ओमिक्रॉनला फक्त १७ टक्के, आणि घसा दुखणारे ६१ टक्क्यांवरून ७१ वर गेले. म्हणजे ज्या लक्षणावर आमची गिऱ्हाईकं अजून विसंबून आहेत तेच सगळ्यात आधी मागे पडलं. आणखी एक, सुरुवातीच्या काळात लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला सरासरी पाच दिवस लागायचे, ओमिक्रॉनला साडेतीनच्या आसपास, त्यामुळे शनिवारी लग्नाला जाऊन आलेला मंगळवारी शिंकत असतो आणि त्याला वाटतं एसीची सर्दी आहे.

पण मला घाबरवायचं नाहीये, आणि उलट टोकालाही जायचं नाहीये. लक्षणांवरून कुठला व्हेरियंट ते डॉक्टरलाही सांगता येत नाही, त्याला जिनोम सिक्वेन्सिंगच, म्हणजे व्हायरसच्या जनुकांची लॅबमधली तपासणीच, लागते. ओमिक्रॉन सौम्य वाटला त्यात लसीचा आणि आधी होऊन गेलेल्या लागणीचाही मोठा वाटा आहे. शिवाय एच३एन२ फ्लू, आरएसव्ही (श्वसनाचा आणखी एक व्हायरस), कोविड, सगळे सुरुवातीला सारखेच दिसतात. म्हणून "हे लक्षण नाही म्हणजे तो आजार नाही" हा हिशोबच चुकीचा आहे, एवढं एक वाक्य जरी लोकांपर्यंत पोचलं तरी खूप होईल. आणि म्हाताऱ्या माणसांबद्दल वेगळं सांगायला हवं, त्यांना कधी कधी ताप येतच नाही, नुसतं जेवण सुटतं, गळून जातात, गोंधळल्यासारखं बोलतात, घरच्यांना वाटतं वय झालंय आणि त्यात दोन दिवस जातात. ते दोन दिवस फार महागात पडतात साहेब.

मे २०२५ मध्ये केसेस वाढल्या तेव्हा बातम्यांत एनबी.१.८.१, एलएफ.७ अशी नव्या व्हेरियंटची नावं आली. लोक मला विचारत होते की यात काय होतं, आणि नावापलीकडे सामान्य माणसाला मराठीत काहीच मिळत नव्हतं. हे पुण्यात व्हावं याचं जास्त वाईट वाटतं. मार्च २०२० मध्ये हा व्हायरस देशात पहिल्यांदा वेगळा काढला तो इथल्याच एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्थेने), ससूनच्या आवारात बी. जे. मेडिकल कॉलेजला सिक्वेन्सिंग होतं, घरी करायची देशातली पहिली कोरोना टेस्ट किट पुण्याच्याच मायलॅब कंपनीची. माहिती शहरात तयार होते आणि धायरीच्या काउंटरपर्यंत येत नाही.

म्हणून मागणी एवढीच. दर तीन महिन्यांनी एक पानी मराठी पत्रक काढा, वर ठळक तारीख टाका म्हणजे जुनं झालं की कळेल. सध्या कुठले व्हायरस फिरताहेत, लक्षणं काय दिसताहेत, टेस्ट कधी करायची आणि पहिल्या दिवशी घरची टेस्ट निगेटिव्ह आली तरी एक-दोन दिवसांनी परत का करायची, ऑक्सिजन ९४ च्या खाली किंवा धाप किंवा छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल. आशाताईंना द्या, पीएमपीएमएलच्या बसमध्ये लावा, आणि पालख्या नाना पेठेत, भवानी पेठेत मुक्कामाला यायच्या आधी तरी नक्की काढा. मेडिकलवाल्यांना पीडीएफ पाठवली तरी चालेल, प्रिंट आम्ही आमच्या खर्चाने काढून काउंटरवर लावू.

आपली,
धायरीची एक फार्मासिस्ट